झाडाझुडपांची विचारपूस: डर्बनचा ‘अनंत’ आणि त्याचं दगडी फळ

मागच्या अंकात अनंतावर चार ओळी काय लिहिल्या, पत्रांचा ढीगच पडला. निम्म्या पत्रांत एकच रडगाणं, ‘कळ्या येतात आणि गळतात’. त्याचं उत्तर शेवटी एकदाच देतो, तोवर धीर धरा. पण डर्बनहून एका ताईंचं पत्र आलं आणि मग ठरवलं की या वेळी बरीचशी जागा त्यांनाच द्यायची, कारण झाडच तसं आहे.

प्रश्न : काका नमस्कार. मिस्टरांच्या नोकरीमुळे दोन वर्षांपूर्वी आम्ही दक्षिण आफ्रिकेत डर्बनजवळ राहायला आलो. भाड्याचं घर, मागे मोठं अंगण. कुंपणाशी एक झाड आहे, दोन माणसं एकावर एक उभी राहतील एवढं उंच, खोड पांढुरकं राखाडी आणि फांद्या अशा ताठ की त्यावर कपडे वाळत घालावेत (मी घालतेही). डिसेंबरात त्याला तळहाताएवढी पांढरी फुलं आली आणि संध्याकाळी वास आला तो थेट माझ्या माहेरच्या अनंताचा! मी सगळ्यांना सांगून मोकळी, आमच्याकडे अनंत आहे म्हणून. पण माहेरच्या अनंताला कधी फळ धरलेलं पाहिलं नव्हतं आणि याला मोठ्या अंड्याएवढी राखाडी फळं लागलीत, ती पिकत नाहीत, पडत नाहीत, सडत नाहीत. आम्ही आलो तेव्हाची अजून तिथंच लटकतायत. एक काढून मागच्या ओट्यावर आपटलं तर फरशीचा टवका उडाला, फळाला काही नाही. कामाला येणाऱ्या झुलू मावशी झाडाला ‘उम्वालासांग्वेनी’ म्हणतात. हा अनंतच का? फळांना काही रोग आहे का? आणि बी लावायचं तर काढायचं कसं?
— एक वाचक, डर्बन

उत्तर : ताई, रोगबिग काही नाही, झाड ठणठणीत आहे. फरशीचं मात्र घरमालकाशी तुमचं तुम्ही बघा.

हा आपला अनंत नव्हे, पण सख्खा चुलत भाऊ नक्की. अनंत म्हणजे गार्डेनिया जास्मिनॉइडिस, मूळचा चीन-जपानकडचा. तुमच्या अंगणातला आहे गार्डेनिया थुनबर्गिया, अस्सल तिथलाच, ईस्टर्न केपपासून क्वाझुलू-नाताळमधून वर उत्तरेकडे जंगलांच्या कडेकडेने वाढणारा. तुम्ही म्हणजे त्याच्या माहेरी राहायला गेलात असं समजा. गार्डेनियाच्या तिथं आणखीही जाती आहेत म्हणून फळ महत्त्वाचं. फळ गोल आणि उभ्या कडा असलेलं असतं तर तो गार्डेनिया व्होल्केन्सी, पिकून सोनेरी पिवळं होणारं आणि टोकाला शिंगं ठेवणारं असतं तर गार्डेनिया कॉर्नुटा. तुमचं लांबट, राखाडी आणि दगडासारखं, म्हणजे थुनबर्गिया. तरी खात्रीसाठी एक करा, पान तोडून देठाशी बघा. पांढरा चीक आला तर सगळं उत्तर फाडून टाका, मग ते तगरीच्या कुळातलं काहीतरी निघेल. गार्डेनिया कॉफीच्या कुळातला, तिथे दुधासारखा चीक नाही.

आता फूल बघू, कारण फळाचं कोडं फुलापासून सुरू होतं. एक कळी उद्या दुपारी नीट बघा. पाकळ्या छत्री मिटताना गुंडाळतो तशा एकमेकींवर पिळलेल्या दिसतील आणि खाली लांब बारीक दांडा. तो देठ नाही बरं का, ती फुलाचीच नळी आहे, बोटाएवढी लांब. अंधार पडायला लागला की पीळ सुटतो, आठेक पाकळ्या पसरतात आणि वासाचा भपका सुटतो. खाली गळून पडलेलं फूल उचललंत तर पाकळ्या सुट्या मिळणार नाहीत, नळीसकट अख्खं फूल हातात येईल, कारण त्या मुळात सुट्या नाहीतच, एकाच तुकड्याचे काप आहेत.

मध कुठे आहे तर त्या नळीच्या तळाशी. मधमाशीची जीभ तिथवर पोचणं शक्य नाही, फुलपाखराचीही मुश्कील. पोचते ती हॉकमॉथची. हे चांगले दणकट पतंग असतात, अंधारात येतात, फुलावर बसत नाहीत, समोर हवेत घिरट्या घालत जीभ आत सोडतात, आणि ही जीभ एरवी तोंडाखाली घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. काहींची जीभ अख्ख्या अंगापेक्षा लांब असते. आपल्याकडे रताळ्याच्या वेलावर जाड, मागे शिंगवाली अळी दिसते ना, ती याच घराण्यातली आणि तीच जात आफ्रिकेतही आहे. म्हणून फूल पांढरं, अंधारात दिसायला हवं. म्हणून वास रात्रीचा. जाईजुई, रातराणी, निशिगंध, सगळ्यांचा हाच धंदा आहे. लाल-निळा रंग करण्यात पैसे घालवायचे कशाला, गिऱ्हाईक तर अंधारात येणार! एखाद्या रात्री लाइट बंद करून अर्धा तास खुर्ची टाकून बसा. फूल दोनचार दिवसांत पिवळट पडतं, ते म्हातारपण, वास तेव्हाही थोडा असतोच.

फुलाचं बीजकोश पाकळ्यांच्या खाली असतं, वर नाही. म्हणून फळाच्या टोकाला तुम्हाला जुनी खूण दिसेल, पेरूच्या बुडाशी असते तशी. आणि त्या फळात मऊसर, गोड असं काही नसतं. जाड लाकडी कवच, आत धागेधागे आणि त्यात भरपूर बिया. फळ आपोआप फुटत नाही. शेंग तडकते, कापसाचं बोंड उकलतं, तसलं काही याच्या स्वभावात नाही. वर्षानुवर्षं फांदीवर बसून राहतं.

का? कारण ते वाट बघतंय. हत्तीची, गव्यासारख्या दिसणाऱ्या तिथल्या केप म्हशीची, मोठ्या हरणांची. हे लोक फळ कडाकडा चावतात, गिळतात, कवच मोडतं आणि बिया शेणातून दुसरीकडे जाऊन पडतात, खतासकट. आफ्रिकानर लोकांनी, म्हणजे डच वंशाच्या शेतकऱ्यांनी, याला ‘बफेल्सबाल’ असंही नाव ठेवलंय. बफेल्स म्हणजे म्हैस, उरलेला अर्थ मी इथे छापत नाही. तर मुद्दा असा की तुमच्या कॉलनीत हॉकमॉथ अजून येत असतील पण हत्ती यायचे बंद होऊन जमाना झाला. झाडाला ते कोणी कळवलेलं नाही. फुलासाठीचा पाहुणा येतो आणि फळासाठीचा येत नाही, म्हणून तुम्हाला फुलं भरपूर दिसतात आणि रोपं एकही नाही.

मग आता हत्तीचं काम तुम्हालाच करावं लागणार. जुनं, वजनाला हलकं झालेलं फळ घ्या. फरशीवर नको, दगडावर ठेवा, गोणपाटात गुंडाळा नाहीतर निसटून थेट नडगीवर येतं, आणि हातोड्याने आडवं मारा. नाहीच फुटलं तर लोखंड कापायच्या करवतीने मधून कापा. आतला धागा पाण्यात चुरगळून बिया वेगळ्या करायच्या, सावलीत सुकवायच्या आणि थंडी संपल्यावर, म्हणजे तुमच्या सप्टेंबर-ऑक्टोबरला, वाळू मिसळलेल्या हलक्या मातीत उथळ पेरायच्या. माती ओलसर ठेवा, चिखल नको. काही आठवड्यांत उगवतात. मग मात्र घाई नाही, हे झाड अगदी सावकाश वाढतं, भाड्याचं घर सोडायच्या आत फूल बघायचं म्हणाल तर फांदीचं कटिंग लावलेलं बरं.

आता नावांची गंमत, कारण मला राहवत नाही. झुलू नावात ‘वाला’ म्हणजे बंद करणं आणि ‘सांगो’ म्हणजे फाटक, म्हणजे फाटक बंद करणारा. लाकूड भलतंच कठीण आणि जड, अवजारांचे दांडे करायला वापरतात, त्यामुळे नाव शोभतंही. मुळांचा उपयोग झुलू वैद्यकीत पित्तावर, उलटी करवण्यासाठी होतो. हे वाचून मला आपला गेळ आठवला. त्याच कुळातला, फुलं पांढरी आणि मग पिवळी होणारी, फळ टणक, आणि आयुर्वेदातलं वमनाचं पहिलं औषध कोणतं तर मदनफळ, म्हणजे गेळफळच! दोन्हीकडच्या वैद्यांनी एकाच कुळाला एकाच कामाला लावलं. (प्रयोग करू नका हो. मी फक्त योगायोग सांगतोय.)

आणि तिकडच्या दुकानात रोप मागायचं तर आफ्रिकान्समध्ये म्हणतात ‘विट-काइकी-पीरिंग’. विट म्हणजे पांढरं. पुढच्या शब्दांचा अर्थ लावायला गेलं तर मांजराच्या पिल्लाची बशी! पण तो अर्थ मागाहून चिकटलेला. मूळ शब्द मलय भाषेतला, अनंताला तिकडे ‘काचा पिरिंग’ म्हणतात, काचेची बशी. डचांनी आग्नेय आशियातून केपला गुलाम करून नेलेल्या माणसांबरोबर हा शब्द गेला, तिथल्या जिभेवर घासून ‘काचा’चं ‘काइकी’ म्हणजे मांजराचं पिल्लू झालं. आणि मलयमधला हा ‘काचा’ कुठला, तर संस्कृतातला काच. म्हणजे तुमच्या स्वयंपाकघरातल्या काचेच्या बरणीतला काच. ताई, तुम्ही अंगणात उभ्या राहून ज्याला परकं नाव समजत होता त्यात आपलाच एक शब्द मांजराचं सोंग घेऊन बसलाय.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत फ्लोरिडाला टॅम्पाजवळ असतो. चार वर्षांपूर्वी नर्सरीतून कलमी गार्डेनिया आणला, चांगला चालला होता. या वर्षी बुंध्यातून एक जोरदार फांदी निघाली, जाडजूड, फिकट राखाडी, पानंही वेगळी, आणि तिला एकेरी फूल आलं लांब दांड्याचं. बाकी झाडाला नेहमीचं डबल फूल. झाड बदललं का?
— एक वाचक, फ्लोरिडा

उत्तर : बदललं नाही, खालचं वर आलं. आणि योगायोग असा की वर डर्बनच्या ताईंना ज्या झाडाबद्दल सांगितलं तेच तुमच्या गार्डेनियाच्या पायाखाली आहे!

फ्लोरिडाची माती वाळूची आणि त्यात मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा सुळसुळाट. अनंत बिचारा त्यांच्यापुढे टिकत नाही, मुळं गाठाळतात, झाड खंगतं. गार्डेनिया थुनबर्गियाची मुळं या कृमींना दाद देत नाहीत, म्हणून तिकडच्या नर्सरीवाले त्याच्या खुंटावर अनंताचं कलम बांधतात. आपल्याकडे रायवळ आंब्याच्या खुंटावर हापूस बांधतात तसंच. खुंटाला फुटवा आला आणि आपण ‘किती जोमात आहे’ म्हणून कौतुक करत राहिलो की कलम मागे पडतं आणि खुंट सगळं खाऊन टाकतो. कोकणात विचारा, हापूस म्हणून जपलेल्या झाडाला बिटक्या धरल्याच्या कहाण्या घरटी एक निघेल.

तेव्हा जोडाची गाठ शोधा, त्याच्या खालून जे जे निघालंय ते काढा. वरवर कापू नका, त्याच जागी चार फुटतील, माती बाजूला करून मुळापाशी उगम शोधा आणि खाली ओढून उपटा. मन होत नसेल तर (मला झालं नसतं) आधी त्या फांदीचं कटिंग वेगळ्या कुंडीत लावा. मात्र थुनबर्गियाला कडाक्याची थंडी मानवत नाही, दव गोठायची रात्र असेल तेव्हा कुंडी आत घ्या. त्याच कारणाने तुमचं कलमी झाडसुद्धा थंडीला जरा हळवंच राहणार.

प्रश्न : पुण्यात नर्सरीवाल्याने अनंताच्या कुंडीवर ‘केप जास्मिन’ लिहिलंय. म्हणजे मूळ आफ्रिकेचाच ना? आणि गार्डनमध्ये लावतात म्हणून गार्डेनिया का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : दोन्ही नाही.

अठराव्या शतकात जहाजं पूर्वेकडून केप ऑफ गुड होपला थांबून इंग्लंडला जायची. हे झाड केपहून इंग्लंडला पोचलं म्हणून तिथल्या लोकांनी ते केपचंच धरलं. सुरतेच्या बंदरातून आलेल्या मालाला सुरतेचा म्हणावं तसं. चूक नंतर कळली पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

गार्डेनियातला गार्डन हा माणूस आहे, अलेक्झांडर गार्डन, अमेरिकेत चार्ल्सटनला डॉक्टरकी करणारा स्कॉटिश गृहस्थ. जॉन एलिस या त्याच्या इंग्रज मित्राने नाव सुचवलं, झाडांना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणाऱ्या लिनिअसने मान्य केलं. आणि आफ्रिकेच्या जातीतलं ‘थुनबर्गिया’ म्हणजे कार्ल पीटर थुनबर्ग, लिनिअसचा शिष्य. त्याला जायचं होतं जपानला, पण जपान तेव्हा युरोपियनांत फक्त डचांना आत घ्यायचा, म्हणून हा स्वीडिश माणूस १७७२ ते १७७५ अशी तीन वर्षं केपला राहून डच शिकला! तेवढ्यात तिथली झाडं गोळा करत हिंडला, लंडनच्या क्यू या वनस्पती उद्यानाने पाठवलेल्या फ्रान्सिस मॅसनबरोबर त्याने मोठे दौरे केले, मग खरंच जपानला गेला. थनबर्जिया नावाचा निळ्या फुलांचा वेल नर्सरीत मिळतो, तेही याच्याच नावाचं. वेगळं कुळ, गोंधळ करू नका.

प्रश्न : डर्बनला बहिणीकडे जाणार आहे, तिच्या भागातल्या या गार्डेनियाचं एखादं फळ बॅगेत टाकून आणलं तर चालेल का? आणि तिकडे करवंदासारखं लाल फळ असतं ते माझा भाचा कुंपणावरून तोडून खातो, पांढरी चांदणीसारखी फुलं. खाल्लं तर चालतं का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : पहिल्याला सरळ नाही. परदेशातून बी-रोप आणायला २००३ च्या प्लांट क्वारंटाइन ऑर्डरखाली परवाना आणि तिकडच्या सरकारचं आरोग्य प्रमाणपत्र लागतं. बी दिसायला निरागस असतं, त्याच्या सालीवर काय बसलंय ते दिसत नाही. गाजरगवत आपल्याकडे आलं तेव्हा कोणी पेढे वाटले नव्हते. गार्डेनियाचीच हौस असेल तर आपल्या डोंगरातली डिकेमाली लावा, तीही गार्डेनियाच, पांढरी फुलं पिवळी होत जातात आणि कोवळ्या कोंबावर पिवळसर डिंकाचा थेंब चिकटलेला असतो, लहान मुलांच्या जंतांवर आज्या द्यायच्या तो.

दुसरं नीट वाचा. तिकडच्या किनाऱ्यावर करवंदाची मोठी बहीण असते, करिसा मॅक्रोकार्पा, तिकडे ‘नमनम’ किंवा ‘अमाटुंगुलू’. फुलं पांढरी, पाच पाकळ्यांची, फळ लालभडक, करवंदाच्या दुपटीतिपटीचं, पिकलेलं खातात, जॅमही करतात. तिची खूण म्हणजे काटे, टोकाला दुभंगलेले, इंग्रजी वाय अक्षरासारखे. पण त्याच मुलखात अकोकँथेरा नावाचं झुडूप आहे, चकचकीत पानं, पांढरी गुलाबी झाक असलेली सुवासिक फुलं, आलुबुखारसारखी फळं पिकून जांभळी-काळी होणारी. ते करवंदाच्याच कुळातलं आणि जहाल विषारी, हृदयावर काम करतं, बाणांना लावायचं विष त्यातून काढत. दोन्हींना पांढरा चीक, त्यामुळे चीक बघून कळणार नाही. काटा नाही तर हात लावायचा नाही, एवढं भाच्याला शिकवा. आणि काटा असला तरी पहिल्यांदा तिथल्या जाणत्या माणसाला झुडूप प्रत्यक्ष दाखवा. मला फोटो पाठवून ‘खाऊ का?’ विचारू नका, अशा प्रश्नाला मी फोटोवरून उत्तर देत नाही.

आणि आता कळ्या गळणाऱ्या सर्वांसाठी : बोअरचं पाणी घालताय ना? पानं पिवळी, शिरा तेवढ्या हिरव्या, असं दिसत असेल तर कारण तेच. अनंताला माती आंबटच लागते, खारट-चुनखडी पाण्याने मातीतलं लोह असून नसल्यासारखं होतं. पावसाचं पाणी साठवून घाला, पालापाचोळ्याचं खत भरपूर, आणि चिलेटेड आयर्न पाकिटावर लिहिलंय तेवढंच, चमचाभर जास्त नाही. पाणी एक दिवस भरपूर आणि चार दिवस विसरलं असंही करू नका, कळी धरलेली असताना हे झाड एवढंसं काही सहन करत नाही. आणि कळ्या दिसल्या की ‘इथे छान दिसेल’ म्हणून कुंडी उचलून हॉलमध्ये नेणाऱ्यांनी तर मला पत्रच लिहू नये.